बहात्तर तासांपुढची कोंबडी

निपाणीचा बाजार गुरुवारचा. सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तो तिथे असो. गुरुवारी कागलकडची, मुरगूडकडची, चिकोडीकडची आणि संकेश्वरकडची माणसं निपाणीत एकमेकांना धक्के देत भाजी घेतात आणि दोन्ही राज्यांची वांगी एकाच पिशवीत घालून घरी जातात. कोंबड्यांना तर हद्द अजिबातच ठाऊक नाही. कागल तालुक्यातल्या कुठल्या तरी परड्यात दाणे टिपून वाढलेला कोंबडा सकाळी कर्नाटकात विकला जातो आणि रात्री रश्श्यातून महाराष्ट्रात परत येतो. कोगनोळीच्या नाक्यावर त्याला कोणी कागद विचारत नाही.

कोंबड्यांच्या ओळीला छप्पर नाही, पाटी नाही आणि भावाचा फलक तर नाहीच. बायका बुट्ट्या पुढ्यात घेऊन बसतात. बुट्टीवर जुनेराचं फडकं, फडक्यातून बाहेर आलेली चार-पाच मुंडकी, आणि ज्या कोंबड्या बुट्टीत मावल्या नाहीत त्या पाय चिंधीने बांधून कडेला लवंडलेल्या. पलीकडे मोटारसायकलच्या कॅरिअरला जाळीचा पिंजरा बांधून एखादा पोरगा पांढरे ससे आणि लव्हबर्ड विकत असतो. हलक्या आवाजात ‘पोपटाचं पिल्लू पायजे काय?’ असं विचारणाराही कधी भेटतो. त्याला मी १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा समजावून सांगायला लागलो, की तो ‘बरं सर’ म्हणून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतो. बाजारात माझं कोणीच शेवटपर्यंत ऐकून घेत नाही. वर्गातही घेत नव्हते, पण तिथे हजेरी होती.

मी प्राणिशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. नोकरी अर्जुननगरच्या कॉलेजात झाली. हे अर्जुननगर निपाणीला इतकं खेटून आहे की नवख्या माणसाला गाव कुठे संपलं ते कळत नाही. पण निपाणी कर्नाटकात आणि अर्जुननगर महाराष्ट्रात, तालुका कागल, जिल्हा कोल्हापूर. घर माझं संकेश्वरात. म्हणजे मी रोज एका राज्यात जेवून दुसऱ्या राज्यात शिकवायला जायचो आणि संध्याकाळी पहिल्या राज्यात परत यायचो. विषय मात्र दोन्हीकडे एकच: कोंबडी.

ज्यांनी बीएस्सीला प्राणिशास्त्र घेतलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. प्रात्यक्षिकाला कोंबडीच्या गर्भाच्या स्लाइड असतात. २४ तासांची, ३३ तासांची, ४८ तासांची आणि ७२ तासांची. ३३ तासांच्या स्लाइडमध्ये हृदयाची साधी नळी दिसते, ४८ तासांत त्या नळीला पीळ पडतो, ७२ तासांत पाय आणि पंख जिथे फुटायचे तिथे बारीक उंचवटे येतात. ही कोंबडी मला तोंडपाठ होती. दिवे गेले तरी फळ्यावर काढून दाखवली असती. ७२ तासांनंतर ती पुढे काय करते, हे विद्यापीठाने कधी विचारलं नाही, त्यामुळे मीही कधी चौकशी केली नाही.

निवृत्तीनंतर डॉक्टरांनी आईला रोज एक अंडं द्यायला सांगितलं. आमच्याकडे गावरान कोंबडीला जवारी म्हणतात, आणि जवारी अंडं पंधरा रुपयांच्या खाली मिळत नाही. शिवाय ते जवारी असेलच याची खात्री नाही. फार्मची पांढरी अंडी चहाच्या पाण्यात बुडवून तांबूस करतात आणि भाव दुप्पट लावतात. खरं तर कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो, पौष्टिकपणाशी त्याचा काही संबंध नाही. हे मी दुकानदाराला सांगितलं. तो म्हणाला, ‘मग पांढरं घ्या की, सात रुपयाला हाय.’ मी तांबूस घेतलं. घरी आल्यावर उकळत्या पाण्यात त्याचा रंग उतरला आणि पाण्याला बरा वास आला.

तेव्हा ठरवलं, परसात कोंबडीच पाळायची.

‘तुला कोंबडी कळती व्हय?’ आईने विचारलं. तिचं माहेर गडहिंग्लजकडचं, परड्यात पंधरा-वीस कोंबड्या असायच्या.

‘आई, मी अख्खी नोकरी कोंबडीवर केली.’

‘म्हणून इचारलं,’ ती म्हणाली.

ओळीतल्या पहिल्याच मावशीपुढे मी उकिडवा बसलो. आता आठवून पाहतो तर लक्षात येतं, मी कोंबडी बघत होतो तितका वेळ ती मला बघत होती. चष्मा, इस्त्रीची पँट, पॉलिश केलेल्या चपला, खिशाला पेन आणि हातात साड्यांच्या दुकानाची कोरी पिशवी. माझ्याकडून काही शोधून काढायचं बाकी राहिलं नव्हतं. मला मात्र कोंबडीत पिसांपलीकडे काही दिसत नव्हतं.

‘तलंग हाय सर. म्हैन्याभरात अंड्यावर येती.’ मी मास्तर आहे हे तिला कोणी सांगितलं देव जाणे. ‘चारशे द्या.’

कोंबडीचे पाय हळदीसारखे पिवळे होते. इथे मला गप्प बसता आलं असतं. मी म्हणालो, ‘मावशी, या पिवळ्या पायांची गंमत माहीत आहे का? सगळ्या जगातली पाळीव कोंबडी मूळची तांबड्या रानकोंबड्याची. पण हा पिवळेपणा त्याच्याकडून आलेला नाही. २००८ साली शास्त्रज्ञांनी शोधून काढलं, की तो राखी रानकोंबड्याकडून आला. म्हणजे आपल्या आंबोलीच्या, राधानगरीच्या जंगलात ओरडतो ना, तो!’

मावशीने कोंबडीचे पाय उचलून नीट पाहिले. मग मला पाहिलं.

‘व्हय की,’ ती म्हणाली. ‘पिवळ्या पायाची मिळत न्हाई आता. पाचशे द्या.’

शेजारची बाई तोंडाला पदर लावून हसत होती. मी घासाघीस केली आणि पाचशेचे चारशे ऐंशी करून घेतले. मूळ भाव चारशे होता हे मला बस सुटल्यावर आठवलं.

पैसे देण्याआधी मावशीने परीक्षाही दिली होती, तिला दोष देता येत नाही. ‘बोटं लावून बगा की,’ म्हणाली. मी बाजारात चारचौघांत कोंबडीला कुठे बोटं लावणार? दोन दुकानं सोडून माझा एक माजी विद्यार्थी मिरच्या निवडत उभा होता. तेव्हा तिनेच लावली. शेपटाखाली, पोटाच्या शेवटी दोन बारीक हाडांची टोकं हाताला लागतात. त्यांच्यामध्ये एकच बोट बसलं तर कोंबडी अजून अंड्यावर आलेली नाही, दोन-तीन बसली तर घालती आहे. पुस्तकात हे मी वाचलेलं नव्हतं. पण हाडं अंड्याला वाट करून देण्यासाठी फाकतात हे शरीरशास्त्राला धरून होतं, म्हणून मी मान डोलावली. ‘हे बगा, एक बोट. तलंग.’ एक बोट कोंबड्यालाही बसतं, हे तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. असल्या प्रयोगाला मी विद्यार्थ्यांना दहापैकी दोन गुण दिले असते.

कर्नाटकाच्या सरकारी बसमध्ये कोंबडीला अर्धं तिकीट पडतं. पिशवीतून मुंडकं बाहेर काढून ती खिडकीतून तवंदी घाट बघत होती, तेवढ्यात कंडक्टर आला. ‘कोळीद टिकेट तगोरी,’ म्हणाला. कोंबडीचं तिकीट घ्या. मला विनोद सुचला. जून २०२३ पासून कर्नाटकात सरकारी बसमध्ये बायकांना प्रवास फुकट आहे, शक्ती योजना म्हणतात. मी म्हणालो, ‘साहेब, ही मादी आहे. शक्ती योजनेत बसवा.’

अख्खी बस हसली. कंडक्टर हसला नाही. त्याने कोंबडीकडे दोन क्षण पाहिलं आणि अस्खलित मराठीत म्हणाला, ‘आधार कार्ड दाखवा. मादी कशावरून?’

अर्धं तिकीट फाडून त्याने माझ्या हातात दिलं. मी ते वहीत जपून ठेवलं आहे, कारण त्या बसमध्ये कोंबडी ओळखणारा तो एकटाच होता.

महिना उलटला. अंडं नाही. तुरा मात्र आला आणि दिवसेंदिवस लाल होत गेला. मानेवरची पिसं लांब झाली, पाठीच्या शेवटी टोकदार पिसांची झालर लोंबायला लागली. आई रोज परसात येऊन बघायची आणि काही न बोलता जपमाळ ओढत आत जायची. एका पहाटे अडीचच्या सुमाराला तलंग आरवली. सगळी गल्ली उठली.

सकाळी मी आईला समजावलं. पक्ष्यांमध्ये लिंग ठरण्याची तऱ्हा माणसाच्या उलट आहे. माणसात बाप ठरवतो, पक्ष्यांत आई. कोंबडीकडे झेड आणि डब्ल्यू अशी दोन वेगळी गुणसूत्रं असतात, कोंबड्याकडे दोन्ही झेड. शिवाय कोंबडीचा फक्त डावा अंडाशय काम करतो. तो काही कारणाने निकामी झाला तर मादीलाही तुरा फुटतो, ती आरवायला लागते, अशा नोंदी आहेत. दुर्मीळ, पण आहेत. आपल्याकडे अशी दुर्मीळ केस आली असण्याची शक्यता...

‘डावं-उजवं ऱ्हाऊ दे,’ आई म्हणाली. ‘कोंबडा हाय.’

तरी मी हार मानली नाही. पुढच्या बाजारात ओळीच्या दुसऱ्या टोकाला गेलो आणि या वेळी पुरावा बघूनच कोंबडी घेतली. गडद तांबड्या, भारदस्त कोंबडीखाली बुट्टीत प्रत्यक्ष अंडं होतं. हात लावला, गरम होतं. मी स्वतःच्या हाताने दोन बोटं लावून बघितली, तीही बसली. सहाशे रुपये मोजले आणि ‘अंडं पण देतो घ्या’ म्हणून विकणाऱ्याने ते वर दिलं. इतका दिलदार माणूस मी बाजारात पाहिला नव्हता.

घरी आल्यावर ती खुराड्याच्या कोपऱ्यात जाऊन बसली. बसली ती उठेचना. जवळ गेलं की पिसं फुलवून कट्कट् करायची, हात घातला की टोचायची. खायला दिवसातून एकदा बाहेर यायची, चार दाणे टिपून पुन्हा आत. खाली अंडं नव्हतं, काहीच नव्हतं, एक बटाटा होता जो माझ्या पिशवीतून पडला असावा. त्या बटाट्यावर ती मनोभावे बसली होती.

‘खुडूक कोंबडी आणलीस बाबा,’ आईने निदान केलं. खुडूक म्हणजे उबवायच्या नादाला लागलेली. या अवस्थेत ती अंडी घालत नाही, महिनाभर तरी नाहीच. म्हणून तर लोक ती बाजाराला आणतात. बुट्टीतलं अंडं दुसऱ्या कुठल्या तरी कोंबडीचं. गरम होतं, कारण ही त्यावर बसली होती. सगळं बरोबर होतं, निष्कर्ष सोडून.

खुडूक मोडायचे उपाय गल्लीतून आपणहून चालत आले. कोणी म्हणालं थंड पाण्यात बुचकळा. कोणी म्हणालं तिचंच एक पीस नाकपुडीतून आरपार घाला, ती ते काढायच्या नादात बसणं विसरते. हा उपाय खेड्यात खरोखर करतात, पण माझ्याच्याने झाला नाही. मी बटाटा काढून घेतला. तिने फरशी उबवायला घेतली.

त्यातच अंग खाजायला लागलं. आधी माझं, मग बायकोचं. कोंबडीच्या पिसांत उवा होत्या. मी बायकोला धीर दिला, की उवा ज्या त्या प्राण्याच्या ठरलेल्या असतात, कोंबडीची ऊ माणसावर तग धरत नाही. हे सांगताना मी दोन्ही हातांनी पाठ खाजवत होतो. मग ते उवांचं नसून रक्त पिणाऱ्या बारीक गोचिडांचं काम असावं, ते रात्री खुराड्याच्या फटीतून बाहेर येतात, असं मी सुधारून सांगितलं. बायको म्हणाली, ‘म्हणजे ते माणसाचे ठरलेले आहेत का?’ त्या रात्री माझी गादी व्हरांड्यात होती.

उपाय निपाणीतच होता. तंबाखूतलं निकोटीन किड्यांना मारतं, म्हणून आमच्या भागात खुराड्यात तंबाखूचा पाला टाकायची पद्धत जुनी आहे. वखारीत ओळखीचे होते, त्यांनी पोतंभर चुरा फुकट दिला. याच तंबाखूच्या भावासाठी १९८१ साली शरद जोशींच्या मागे शेतकरी इथल्या हमरस्त्यावर येऊन बसले होते आणि एप्रिलमधल्या गोळीबारात शेतकऱ्यांचे जीव गेले. त्या तंबाखूवर मी कोंबडी बसवायला निघालो होतो, जरा ओशाळल्यासारखं झालं. पण चुरा टाकला. पहिल्या वाऱ्याबरोबर तो घरात शिरला, अख्खं घर शिंकून शिंकून बेजार झालं, आणि गोचीड गेले. कोंबडीला काहीच झालं नाही. ती बसलेलीच.

इकडे कोंबडा रोज अडीचला उठत होता. गल्लीतल्या बायकांनी माझ्या बायकोला ‘आता आखाड लागतोय की वो’ अशी आडून आठवण करून द्यायला सुरुवात केली. आषाढात जवारी कोंबड्याचा भाव वर्षात सगळ्यात चढा. श्रावण लागायच्या आत ज्याला त्याला खायचा असतो. त्याला घरी कापणं मला शक्य नव्हतं, अडीच वाजता का होईना, रोज भेटणारा प्राणी. विकायचं ठरलं.

विकत घेताना माणसाला निदान उभं राहता येतं. विकायला बसल्यावर माझं काय होणार हे मला कळलं नव्हतं. बाजारपट्टीची पावती फाडून घेतली, दोन बुट्ट्यांच्या मधल्या वितभर जागेत पेपर अंथरला आणि कोंबडा मांडीवर घेऊन बसलो. ओरडता येईना. पहिला माणूस थांबला. त्याने कोंबड्याचे पाय धरून उलटा केला, हातानेच दोनदा वजन केलं. मी म्हणालो, ‘असा उलटा टांगू नका, १९६० च्या प्राणिक्लेश कायद्याखाली गुन्हा होऊ शकतो.’ तो कोंबडा परत देऊन गेला.

दुसऱ्याने विचारलं, ‘खोड काय हाय काय?’ मी सांगितलं, अडीचला आरवतो, लहान मुलांना टोचतो, आणि चारचाकीचा हॉर्न वाजला की पाच मिनिटं उत्तर देतो. शेजारच्या मावशीने कपाळावर हात मारून घेतला. तिसऱ्याला देवाला सोडायचा होता, त्याला एकरंगी काळा पाहिजे होता. माझा काबरा. मी त्याला विचारलं की देवळात बळी देणार का, कारण कर्नाटकात १९५९ पासून देवळाच्या आवारात पशुबळीला बंदी आहे. ‘देवाला नुसता दावायचा, खाणार घरात,’ तो म्हणाला आणि चिडून गेला. चौथ्याने तर उलट्या पिसांचा आहे का म्हणून विचारलं. पिसं मागे वळलेली ही कोंबडी करणीवाल्यांच्या मागणीची, भाव तोंडाला येईल तो. हा जनुकीय बदल आहे, त्यात करणीचा काही संबंध नाही, हे मी सुरू केलं आणि मावशी उठून माझ्यापासून चार हात लांब जाऊन बसली. ‘सर, तुमच्यामुळं माझं पण गिऱ्हाईक थांबंना झालंय,’ म्हणाली. खरं होतं.

मग मी कोंबडा काखेत मारून फिरता विक्रेता व्हायचं ठरवलं. फिरत फिरत शेळ्या-बोकडांकडे पोचलो. तिथे व्यापार तोंडाने होत नाही. दोघेजण हातावर टॉवेल टाकतात, त्याच्या आत बोटं धरतात; जितकी बोटं दाबली तितके शेकडा किंवा हजार, आणि बाहेर उभा असलेल्या तिसऱ्याला शेवटपर्यंत पत्ता लागत नाही. मी एका दोन दाती बोकडाकडे कौतुकाने बघत उभा होतो. टॉवेलवाल्याने हसून माझ्याकडे हात पुढे केला. कोणी हात पुढे केला तर काय करायचं हे मला लहानपणापासून शिकवलेलं आहे. मी त्याचा हात धरला, आणि उबदारपणे, पाचही बोटांनी, दोनदा दाबला.

टॉवेलवाल्याचा चेहरा फुलला. बोकडाची दोरी माझ्या मनगटात आली. ‘काय सर, एका दमात!’ तो म्हणाला. मी एका दमात काय केलं होतं आणि किती हजाराला केलं होतं, मला आजही माहीत नाही.

‘सर! ओ सर! सोडा ती दोरी.’

आवाज ओळखीचा होता. आमचा जुना विद्यार्थी, आता केस पांढरे. त्याने टॉवेलवाल्याला कन्नडमध्ये दोन वाक्यं सांगितली, त्यात ‘मास्तर’ हा शब्द मला कळला. टॉवेलवाला दयेने माझ्याकडे बघून हसला आणि दोरी परत घेतली. त्या एका शब्दावर सौदा मोडला. बाजारात पदवीचा मला झालेला हा एकमेव उपयोग.

विद्यार्थी आता कोंबड्यांच्या धंद्यात होता. घरी उबवणीचं यंत्र होतं, आठवड्याला पिल्लं काढून विकत होता. ‘तुम्ही मला चिक एम्ब्रिओत उडवला होता सर. ४८ तासांची स्लाइड मी ३३ ची सांगितली,’ तो आनंदाने म्हणाला. ‘नापास झालो म्हणून घरच्यांनी धंद्याला लावलं. बरं झालं.’ मग त्याने काखेतल्या कोंबड्याकडे पाहिलं. ‘कोंबडा छान केलाय सर.’

‘मी तलंग म्हणून घेतला होता,’ मी म्हणालो. त्याने जोरात हसायला नको होतं, पण हसला. आणि मग त्याने मला एवढंच शिकवलं: दोन-तीन महिन्यांचं झालं की पाठीच्या शेवटची पिसं बघायची. टोकदार असली तर कोंबडा, गोल असली तर कोंबडी. त्याआधी जवारीत खात्रीने सांगणारा माणूस त्याला भेटलेला नाही. हॅचरीत एका दिवसाच्या पिल्लाचा मागचा भाग दाबून ओळखणारे तरबेज लोक असतात, जपानी लोकांनी ते तंत्र बसवलं. पण आपल्या बाजारात तसं कोणी सांगितलं तर समजायचं की ते आपल्याला ओळखतात, कोंबडीला नव्हे.

घरची खुडूक ऐकल्यावर त्याने हात जोडले. ‘सर, खुडूक मोडताय कशाला? लोक शोधत फिरतात तसली. अंडी बसवा की!’ गिरिराज, वनराज या सुधारित कोंबड्यांमधला खुडूकपणा निवडीने घालवलाय, म्हणून त्यांची पिल्लं काढायला यंत्र लागतं. जवारी कोंबडी मात्र स्वतःच यंत्र. मी विचारलं, कडकनाथ बसवावी का? तो गंभीर झाला. २०१९ साली सांगली-कोल्हापुराकडे कडकनाथ पालनाच्या नावाखाली हजारो शेतकरी बुडाले. आमच्या स्टाफरूममधल्या एकाचेही पैसे त्यात गेले होते आणि तो अर्थशास्त्राचा होता. ‘काळ्या कोंबडीचा काय दोष न्हाई सर,’ विद्यार्थी म्हणाला, ‘पण तुम्ही नकोच.’

सौदा बदलीचा ठरला. माझा कोंबडा त्याला, त्याची बारा बीजांडी आणि वर तीनशे रुपये मला. कोंबड्याला त्याने पैदाशीला ठेवायचं कबूल केलं. ‘पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या डोळ्यांत लासोटा लशीचा थेंब घाला, न्हाईतर मानमोडीत सगळी जात्यात,’ हे त्याने तीनदा बजावलं, जसं मी त्याला परीक्षेआधी बजावायचो. फरक इतकाच की त्याचं मी ऐकलं.

आईने खुडूकखाली अंडी मांडली. टोपलीत राख, पेंढा, आणि ढगांच्या गडगडाटाने अंडी नासू नयेत म्हणून एक कोळसा आणि एक लोखंडी खिळा. मी काही बोललो नाही. बायको म्हणते ते लग्नानंतर पहिल्यांदाच घडलं.

चौथ्या रात्री मात्र माझी वेळ आली. खोलीत अंधार केला, पुठ्ठ्याची नळी टॉर्चवर बसवली आणि एक एक अंडं त्यावर धरलं. दहांमध्ये लाल शिरांचं जाळं पसरलेलं, मधोमध एक काळसर ठिपका, आणि नीट पाहिलं तर तो हलत होता. नोकरीभर मी ही गोष्ट मेलेली, रंगवलेली, काचेत बंद केलेली पाहिली होती. मी घरच्यांना सगळं दाखवलं. ही पिवळ्या पिशवीवरची शीर, हे डोकं, हा ठिपका म्हणजे डोळा, हृदय अगदी इथे. बायको गप्प होऊन बघत होती. नातीने पुन्हा पुन्हा दाखवायला लावलं. आई चष्मा सावरून म्हणाली, ‘एवढं आतलं दिसतं व्हय तुला?’ मला त्या क्षणी आयुष्यात दुसरं काही नको होतं. उरलेली दोन वांझ होती, तीही मी बरोबर ओळखली.

एकविसाव्या दिवशी नऊ पिल्लं बाहेर आली. लासोटा घातला. खुडूक आता परसात फिरते, पंख पसरून सगळ्यांना आत घेते, मला अजून टोचते.

‘आता सांग,’ आई म्हणाली, ‘ह्यांतल्या तलंगा किती न् कोंबडे किती?’

मी सांगितलं, तीन महिन्यांनी सांगतो.

‘पोटात असताना डोळा दावलास, आता भाईर आल्यावर कळंना व्हय?’ तिने शेजारच्या पोराला हाक मारली. ‘ए बाळा, गुरवारी निपाणीला जाणार हाईस न्हवं? पिवळ्या पायाची कोंबडी इकणारी बाई बसती बग पैल्याच बुट्टीला. तिला इचारून ये, पिल्लं घेऊन आलं तर बोटं लावून देशील का म्हणावं. आन सरांनी इचारलंय असं सांगू नगंस, भाव वाढवंल.’